बिशानची पाणमांजरं

सिंगापूर नदी किम सेंग पुलापासून मुखापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर भरते. आपल्याकडे एवढ्या लांबीला लोक ओढा म्हणतील. पण या तीन किलोमीटरच्या दोन्ही काठांवर एका बंदराचं पोट दीडशे वर्षं चाललं, त्यामुळे तिचा मान मोठा आहे. मी मुखाकडून वर चालायला सुरुवात केली. तिथे १८६९ सालचा कॅव्हेना पूल आहे. हिंदुस्थानातून शिक्षेवर पाठवलेल्या कैद्यांनी त्यावर घाम गाळला होता. जड गाड्या, गुरं आणि घोडे यांना मनाई करणारी जुनी पाटी पुलाच्या तोंडाशी अजून जपून ठेवली आहे. जवळच काठावर पाच नागड्या पोरांचे ब्राँझचे पुतळे आहेत. कुणी पाण्यात झेपावतोय, कुणी अजून काठावरच आहे.

खालचं पाणी हिरवट, संथ आणि बिनवासाचं होतं. बिनवासाचं हे मुद्दाम लिहिते आहे. मी पुण्याची. मुठेवरच्या पुलाकडे वळताना आमचा हात आपोआप नाकाकडे जातो, आणि ते आता कुणाला खटकतही नाही. इथे मात्र नदीकाठच्या बाकांवर दुपारचे डबे उघडले होते.

एका बाकावर ऐंशीच्या घरातले एक चिनी गृहस्थ बसले होते. सिंगापुरात अनोळखी वडीलधाऱ्यांना सर्रास ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणतात. टॅक्सीवाला अंकल, टेबल पुसणारी आंटी. त्यामुळे बोलायला सुरुवात करणं सोपं जातं. हे अंकल तरुणपणी इथल्या मालवाहू होड्यांवर हमाल होते. तांदूळ, रबर, मसाल्यांची पोती खांद्यावरून गोदामात टाकायचं काम. मी नदीबद्दल विचारलं तर त्यांनी आधी नाकाला हात लावला. “वासावरूनच कळायचं, नदी आली. सगळं तिच्यातच जायचं. घरातलं, बाजारातलं, आमचंही.”

१९७७च्या फेब्रुवारीत पंतप्रधान ली क्वान यू यांनी जाहीर केलं, की दहा वर्षांत सिंगापूर आणि कलांग या दोन्ही नद्यांत लोकांना गळ टाकून मासे धरता आले पाहिजेत. सरकारी कामाला दिलेलं हे उद्दिष्ट मला फार भावतं. मासा हे माप ठरवलं की आकड्यांच्या आड कुणाला लपता येत नाही. मग घाण कुठून येते ते शोधण्यापासून काम सुरू झालं. डुकरांची ६१० आणि बदकांची ५०० फार्म्स टप्प्याटप्प्याने बंद झाली. रस्त्यावरच्या जवळपास ५,००० फेरीवाल्यांना छपराखाली, नळ आणि गटार असलेल्या मंडयांत जागा मिळाली. काठच्या वस्त्यांतली २६,००० कुटुंबं सरकारी इमारतींत गेली. १९८३ साली होड्यांनाही पासिर पांजांगला हलवलं. शेवटी तळाचा काळा गाळ उपसला. १९८७ साली काम पुरं झालं, तेव्हा ते तडीस नेणाऱ्या अधिकाऱ्यांना सुवर्णपदकं दिली गेली.

“नदी चांगली झाली,” अंकल म्हणाले. “पण नदीवरची माणसं गेली.” हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, तरी ते मनात राहिलं. त्या दहा वर्षांत कित्येकांचा पिढीजात धंदा मोडला आणि शेजार तुटला. सरकारचा शब्द तिथे जितका चालतो तितका आपल्याकडे चालत नाही, आणि चालू नये असंच मला वाटतं. पण घरं हलवताना आधी घरं बांधली होती आणि फेरीवाल्याला हाकलताना त्याच्यासाठी ओटा तयार होता, हेही तितकंच खरं आहे.

त्या ओट्यांवर मी पोटभर जेवले. यांना हॉकर सेंटर म्हणतात. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. गर्दीच्या वेळी टेबल धरायचं तर त्यावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवून रांगेत जायचं. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखाच त्याचा अधिकार. फरक एवढाच, की इथे त्यावरून भांडण होत नाही. माझी भाची दहा वर्षं तिथे राहते. तिने माझ्यासाठी माशाचं सूप आणलं: पांढरं दुधाळ पाणी, आल्याचे तुकडे, कडूसर पाला आणि माशाच्या जाड फोडी. आपल्या कालवणाची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट अगदीच सपक लागला. पण त्यात मासा ताजा आहे की नाही हे लपवायला मसालाच नसतो. वर बिनसाखरेची, बिनदुधाची काळी कॉफी, ‘कोपी-ओ कोसोंग’. जेवण झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या आजी स्वतःचा ट्रे उचलून ठेवायला निघाल्या, मीही उठले. ज्या फेरीवाल्यांचं खरकटं एकेकाळी नदीत जायचं, त्यांतल्या कित्येकांची पुढची पिढी आता ओट्यामागे उभी आहे आणि भांडी धुतलेलं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातं. नदीची खरी राखण तिथे, त्या मोरीत होते.

भाचीचं घर बिशानला. हा सगळा भाग एकेकाळी चिनी दफनभूमी होता; आता उंच इमारतींची मोठी वसाहत आहे. इमारतींचा तळमजला बहुतेक ठिकाणी मोकळा ठेवलेला असतो. तिथे म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळतात, कुणाचं लग्न होतं, कुणाची अंत्ययात्रा तिथूनच निघते. आपल्याकडे अशा मोकळ्या जागेत आधी गाड्या लागल्या असत्या. या वसाहतीला लागून बिशान-आंग मो किओ पार्क आहे, ६२ हेक्टरांचं, आणि त्याच्या मधून कलांग नदी वाहते. लोअर पीअर्स जलाशयातून निघणारी ही देशातली सर्वांत लांब नदी, तरी लांबी दहाएक किलोमीटरच.

बिशानमध्ये तिचं दुसरं जीर्णोद्धाराचं काम झालं, आणि मला ते पहिल्याइतकंच मोठं वाटतं. पुराचं पाणी झटपट वाहून जावं म्हणून मागच्या शतकात या नदीला सरळ काँक्रीटच्या पन्हाळीत घातलं होतं. पाणी स्वच्छ असलं तरी त्या उभ्या भिंतींवर बेडूक चढेना, गवत धरेना, आणि पोरांनी जवळ जाऊ नये म्हणून कुंपण घातलेलं. पार्क आणि नदी शेजारी राहूनही एकमेकांना परकी. २००६ साली सुरू झालेल्या एका सरकारी कार्यक्रमात ही पन्हाळ फोडायचं ठरलं. २.७ किलोमीटरची सरळ पन्हाळ काढून तिथे तीनेक किलोमीटरची वळणं घेणारी नदी तयार केली. काठ मातीचे. माती धरून ठेवायला फांद्यांच्या मोळ्या, काथ्या, दगड आणि मुळं घट्ट रोवणारी झाडं. आराखडा हर्बर्ट ड्रायझाइटल या जर्मन रचनाकाराच्या संस्थेचा. उष्ण कटिबंधातल्या पावसात अशी माती टिकेल का, याची खात्री नव्हती, म्हणून आधी पार्कातल्याच साठेक मीटरच्या तुकड्यावर वेगवेगळ्या पद्धती लावून पाहिल्या. त्यांतल्या ज्या टिकल्या त्या पुढे वापरल्या. २०१२ साली नदी लोकांसाठी खुली झाली. फोडलेलं काँक्रीट बाहेर नेऊन टाकलं नाही. त्याची पार्कातच एक टेकडी केली. मी तिच्यावर चढून बराच वेळ बसले होते.

टेकडीवरून नदीचं सगळं गणित दिसतं. एरवी ती अरुंद, घोट्याएवढ्या पाण्याची, दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाता येईल अशी. पाऊस कोसळला की हिरवळीवर पसरते, आणि रुंदी जवळपास शंभर मीटरपर्यंत जाते. जुन्या पन्हाळीपेक्षा ती जास्त पाणी वाहून नेते. माझ्यासमोरच ढग भरून आले, पाण्यापाशी खेळणाऱ्या मुलांना भोंग्याने इशारा दिला आणि दहा मिनिटांत सगळे शांतपणे वरच्या वाटेवर आले. कुणी शिट्ट्या मारल्या नाहीत, कुणाला ओढून काढावं लागलं नाही. नदी आपल्या जागेवर आली, माणसं आपल्या.

पाणमांजरं दिसली ती दुसऱ्या दिवशी, उजाडताना. भाचीने हलवून उठवलं. “मावशी, चल लवकर, पुलाखाली आहेत. ग्रुपवर फोटो आलाय.” या शहरात पाणमांजरांवर नजर ठेवणाऱ्यांची मोठी मंडळी आहे. कोण कुठल्या कुटुंबातलं, कुणाला पिल्लं झाली, कुठलं कुटुंब कुठल्या कुटुंबाच्या हद्दीत घुसलं, याच्या नोंदी ही माणसं नोकरीधंदा सांभाळून ठेवतात. आम्ही पोचलो तेव्हा वीसेक माणसं उभी होती आणि आवाज कुजबुजीपलीकडे नव्हता. पळायला आलेला एक तरुण लांबूनच पावलं आवरून थांबला. एका बाईने कुत्र्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन आखूड केला. नातवाला पुढे पळायचं होतं; आजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच सांगितलं, “गो स्लोली, लाह.”

आधी पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ सरकत आली. मग तिच्या टोकाला चपटं डोकं वर आलं, मिशा दोन्ही बाजूंना ताठ, नाक उघडं आणि काळं. त्याच्यामागे आणखी डोकी. मोठी मादी काठावर आली तेव्हा तिच्या तोंडात वीतभर तिलापिया तडफडत होता. पुढच्या दोन पायांत मासा धरून तिने डोक्याकडून खायला सुरुवात केली. बोटांमधला पडदा स्पष्ट दिसत होता, आणि हाडं फुटल्याचा कडकड आवाज आमच्यापर्यंत येत होता. दोन पिल्लं तिच्या हनुवटीखाली तोंड घालून किरकिरत होती. तिने मान वळवून पाठ केली, तरी शेपटीकडचा तुकडा त्यांच्यासाठी सुटला. पोट भरल्यावर सगळं कुटुंब हिरवळीवर आलं आणि गवतावर लोळून अंग कोरडं करू लागलं. पाठ, पोट, पुन्हा पाठ. एकाने एकाच ठरलेल्या जागी जाऊन शी केली, मागोमाग दुसऱ्याने. कुजलेल्या मासळीचा उग्र वास सुटला. त्या वासाने मला कर्ली खाडीच्या काठचं माझं आजोळ आठवलं. तिथे याला ऊद म्हणायचे आणि जाळी फाडतो म्हणून शिव्या द्यायचे.

ही जात आपल्याकडचीच आहे, तलम केसांची, दक्षिण आणि आग्नेय आशियात पसरलेली. सिंगापुरातून ती १९७०च्या आसपास नाहीशी झाली होती. बंदर वाढलं, खाड्यांची तोंडं बांधली गेली, कांदळवन तुटलं, पाणी नासलं. बिशानला ती २०१४च्या सुमारास पोचली. तोवर नदी स्वच्छ होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. कुणी पिंजऱ्यातून आणून सोडली नाहीत. मासे आले, मातीचा उतार आला, दिवसा निजायला पुलाखालची सावली होती. मग ती स्वतः पोहत आली आणि बघता बघता शहराची लाडकी झाली. २०१६ साली तिथल्या वृत्तपत्राने देशाचं प्रतीक म्हणून कुणाला निवडाल असं विचारलं, तर वाचकांनी बिशानच्या पाणमांजरांना निवडलं. २०२२ साली एक कुटुंब राष्ट्राध्यक्षांच्या इस्ताना या प्रासादाजवळ भर रस्त्यात आलं, तेव्हा पोलिसांनी गाड्या थांबवून त्यांना पलीकडे जाऊ दिलं.

मी कलांगच्या काठाने खाली चालत गेले. वाट बहुतेक सगळीकडे नदीला धरून आहे. मध्येच काँक्रीटची जुनी पन्हाळ पुन्हा सुरू होते, कारण सगळी नदी अजून मोकळी झालेली नाही. तिथे नदी एकदम मुकी होते. पुढे कलांगच्या रुंद पात्रात सरावाच्या लांब होड्या होत्या, ढोलाच्या ठेक्यावर वल्ही पडत होती. त्याच्याही पुढे मरीना बॅरेज, २००८ साली समुद्राच्या तोंडाशी बांधलेला बंधारा. त्यामुळे भर शहरातला खाडीचा भाग गोड्या पाण्याचा तलाव झाला आणि शहरावर पडणारा पाऊस पिण्यासाठी साठू लागला. आपल्या दारासमोरच्या गटारातलं पाणी उद्या आपल्याच नळाला येणार, हे तिथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आमचं पाणी खडकवासल्याचं आणि घाण खालच्या गावांना. पुण्याच्या नदीचं दुखणं मला तरी इथेच दिसतं.

पाणमांजरांचं कौतुक सगळ्यांनाच नाही. संध्याकाळी भाचीच्या ओळखीच्या एका घरी चहाला गेलो, तिथल्या गृहसंकुलाच्या हौदात कधीकाळी कोई मासे होते. एका पहाटे पाणमांजरांचं कुटुंब गटाराच्या वाटेने आत आलं आणि हौद रिकामा करून गेलं. हे मासे फार महाग असतात, आणि त्या घरच्या आजोबांनी ते वर्षानुवर्षं हाताने खायला घालून वाढवलेले. ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला. हौदाला आता जाळी आहे, फटी बुजवल्या आहेत, मासे मात्र पुन्हा आणले नाहीत. २०२१च्या नोव्हेंबरात बोटॅनिक गार्डनमध्ये पहाटे फिरायला आलेल्या एका माणसाला पाणमांजरांनी चावून चांगलंच रक्तबंबाळ केलं होतं. हे जनावर सात ते अकरा किलोंचं, कळपात राहणारं आणि पिल्लांच्या बाबतीत अतिशय तिखट. खायला घालू नका, घेरू नका, लांब उभे राहा, असं तिथे पाट्यांवर पुन्हापुन्हा का लिहिलेलं असतं, ते आजोबांच्या हौदाकडे बघताना मला नीट समजलं. नदी परत हवी असेल तर तिच्यातलं जनावर आपल्या सोयीने वागणार नाही, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतं. आजोबांना मी विचारलं, हाकलून द्यावीत असं वाटतं का? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांनाही खायला लागतंच ना.”

शेवटी बेटाच्या वायव्य टोकाला सुंगेई बुलोहला गेले. सिंगापूरच्या चकचकाटातून तिथे येणं म्हणजे माझ्यासाठी थेट कोकणात उतरणं होतं. कांदळाची वर आलेली श्वासमुळं, ओहोटीचा काळा चिखल, त्याचा आंबूस वास आणि चिखलावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या. शाळेची मुलं कठड्यावर ओणवी होऊन त्यांची चित्रं काढत होती. आमच्याकडे निवट्यांचं तिखट कालवण होतं, हे मी त्यांच्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी कौतुकाने कृती विचारली आणि मुलांना ती इंग्रजीत सांगितली. समोर अरुंद सामुद्रधुनी, पलीकडे मलेशियातल्या जोहोरचे मनोरे. १९९८ साली पाणमांजरं या किनाऱ्यावर पुन्हा दिसली आणि बहुधा त्याच पाण्यातून पोहत आली. इथून बिशानपर्यंत पोचायला त्यांना पंधरा-सोळा वर्षं लागली. हे दलदलीचं रान तेवढ्यात बुजवलं गेलं असतं, तर वर कितीही सुंदर नदी करून ठेवली असती तरी तिथे येणार कोण?

पाणमांजरं आपल्याकडे नामशेष झालेली नाहीत. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत आहेत. गोव्यात चोडण बेटाच्या कांदळात, खाजणांत, मानशींच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांच्या, आसपास आहेत. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या काठाचं सुशोभीकरण पुण्यात सुरू आहे. त्यासाठीच्या बांधकामाबद्दल आणि झाडांबद्दल शहरातली बरीच माणसं रस्त्यावर येऊन बोलली आहेत, आणि मीही त्यांच्या बाजूची आहे. आधी सांडपाणी पूर्ण थांबवा, मग काठाला हात लावा. सिंगापुरात तो क्रम पाळायला दहा वर्षं दिली होती. आणि महापालिकेतल्या अभियंत्यांना माझी एक विनंती आहे. बिशानला तीन किलोमीटर नदी मोकळी करण्याआधी साठ मीटरवर प्रयोग करून पाहिला होता. मुठेच्या काठी तेवढाच साठ मीटरचा एक तुकडा निवडा. त्यावर भिंत नको, फरशी नको. मातीचा उतार, करंज, वाळुंज आणि लव्हाळा लावा, दोन पावसाळे जाऊ द्या, आणि मग पुढच्या काठाचं ठरवा.